जागता शेजार

म्हातारपणी माणूस स्वतःच्या घरात किती वर्षे राहू शकेल, हे त्याच्या तब्येतीवर जितके ठरते तितकेच घराबाहेरच्या माणसांवरही ठरते. वृद्धांच्या वैद्यकशास्त्रात रोजच्या कामांचे दोन गट करतात. आंघोळ, कपडे, जेवण, संडासला जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे ही अंगाची कामे पहिल्या गटात येतात; बाजारहाट, स्वयंपाक, औषधांचा हिशेब, बँक, बिले, फोन, प्रवास ही दुसऱ्या गटात. शरीर थकू लागले की आधी दुसरा गट सुटतो, पहिला बहुधा बरीच वर्षे टिकतो. ज्याला बँकेच्या रांगेत उभे राहवत नाही, तो आपली आंघोळ अजून नीट करत असतो. घरच्यांना मात्र एकच दिसते, की आता यांना एकटे ठेवण्यात अर्थ नाही. मग मुलाच्या फ्लॅटवर रवानगी होते, नाही तर वृद्धाश्रमाची चौकशी सुरू होते. गरज असते आठवड्याला चार-सहा तासांच्या मदतीची आणि तोडगा काढला जातो चोवीस तासांचा. या दोन टोकांमधली जागा भरून काढणे हे सामुदायिक आधाराचे काम.

कोराडीत हा प्रश्न एका विशिष्ट पिढीच्या रूपाने समोर येतो. नागपूरच्या उत्तरेला, सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कामठी तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना दोन गोष्टींमुळे माहीत असते: महालक्ष्मी जगदंबेचे देऊळ आणि औष्णिक वीज केंद्र. केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत संचांची संख्या सातवर गेली. त्या काळात पंचविशीत नोकरीला लागलेले फिटर, वेल्डर, ऑपरेटर आणि कारकून आज सत्तरीच्या आत-बाहेर किंवा पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. जुन्यांपैकी बहुतेक संच त्यांच्यासारखेच निवृत्त झाले. २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच आले. नोकरी संपली की वसाहतीतले क्वार्टर सोडावे लागते. त्यामुळे ज्यांना गावाकडे परतायचे नव्हते त्यांनी कोराडी, महादुला आणि नागपूरच्या उत्तर भागातल्या लेआऊटमध्ये प्लॉट घेऊन घरे बांधली. घरे बांधताना मुले शाळेत होती, म्हणून वर मजला आणि वर जायला उभा जिना. आता मुले पुण्यात, हैदराबादेत किंवा त्याहून लांब आहेत. वरचा मजला भाड्याने दिलेला असतो, नाही तर कुलूपबंद.

याच परिसरात वृद्धांचा दुसरा एक गट आहे आणि लेखांमधून तो बहुधा गळतो. वीज केंद्रासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ती कुटुंबे आणि ठेकेदाराकडे रोजीवर राबून कोळसा व राख उपसणारे मजूर. निवृत्त कर्मचाऱ्याकडे निदान पक्के घर आणि बँकेत थोडीफार पुंजी असते. ठेकेदारी कामगाराच्या हाती म्हातारपणी बऱ्याचदा दमा तेवढा उरतो. राखेची धूळ ही या भागाची जुनी तक्रार आहे, आणि फुप्फुसे आधीच थकलेल्या माणसाला ती सर्वांत आधी जाणवते.

पैशाचे चित्र दोन्ही गटांत फारसे उजळ नाही. वीज मंडळाच्या कर्मचाऱ्याला राज्य सरकारी नोकरासारखी पेन्शन मिळत नाही. निवृत्तीच्या वेळी आलेला भविष्य निर्वाह निधी आणि ईपीएस-९५ योजनेची तुटपुंजी मासिक रक्कम यावर भागवावे लागते. या योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. ती ७,५०० रुपये करावी आणि वर महागाई भत्ता द्यावा, यासाठी कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या देशव्यापी आंदोलनाचे ठाणे विदर्भातच, बुलढाण्याला आहे. निराधार वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. तिचे अनुदान २०२३ मध्ये महिना १,००० वरून १,५०० रुपये झाले. पण वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला १,७५० रुपयांहून जास्त कमावणारा म्हातारा या हिशेबाने निराधार ठरत नाही. ही मर्यादा वाचून हसावे की रडावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

देशाच्या पातळीवर २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक १० कोटी ३८ लाख होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्यांपैकी सुमारे ६ टक्के एकटे आणि सुमारे पाचवा हिस्सा फक्त जोडीदारासोबत राहत असल्याचे आढळले. एकट्या राहणाऱ्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहे. नवरा वयाने मोठा, तो आधी जातो. मागे राहिलेल्या बाईच्या नावावर पुष्कळदा ना घर असते ना बँक खाते. ‘दोघेच राहतात’ हे चित्र काही वर्षांत ‘एकटीच राहते’ असे होते, आणि कोणत्याही गावाने तयारी करायची ती या दुसऱ्या टप्प्याची.

सुरक्षिततेची सुरुवात घरातून होते, आणि घरातला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पडणे. जगात दर वर्षी पडल्यामुळे सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचा वाटा मोठा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हातारा माणूस उंचावरून पडत नाही; तो न्हाणीत, उंबरठ्यावर, पलंगाशी, रात्री लघवीला उठताना पडतो. मोडतो तो खुब्याचा सांधा आणि त्यानंतर अंथरूण सुटत नाही. उपाय फार खर्चाचे नाहीत. संडास-न्हाणीत भिंतीला पक्का बसवलेला दांडा, गुळगुळीत फरशीवर रबरी पट्ट्या, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा आणि उकिडवे बसणे जमत नसेल तर कमोड खुर्ची. दांडा टॉवेलच्या स्टँडसारखा दोन स्क्रूंवर टांगून चालत नाही, त्याला अख्ख्या माणसाचे वजन पेलायचे असते. न्हाणीच्या दाराला आतून कडी असू नये. माणूस आत पडलेला, कडी लागलेली आणि शेजारी दार फोडण्यासाठी पहार शोधत फिरताहेत, हा प्रसंग गल्लोगल्ली घडून गेलेला आहे. बाहेरून नाण्याने उघडता येईल असे कुलूप फारशा खर्चाविना मिळते. वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र अशा साधनांसाठी २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांपुढच्या, वार्षिक २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना एकदा ३,००० रुपये मिळतात. या पैशात वॉकर येतो, पण भिंतीत दांडा बसवून देणारा मिस्त्री कुणी तरी शोधून आणावा लागतो. शेजाराची गरज अशा ठिकाणी लागते.

विदर्भाच्या घरातला दुसरा धोका कूलरचा. नागपूरचे तापमान मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांवर गेले होते आणि ४५ अंश तर बहुतेक उन्हाळ्यांत ठरलेलेच. वय वाढले की तहान लागल्याचे लवकर कळत नाही, घाम कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अंगातले पाणी आणखी वेगाने उतरते. म्हणून कूलर ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पण तो पत्र्याचा असतो, त्याच्या टाकीत विजेचा पंप बुडालेला असतो, त्याच्याभोवतीची जमीन ओली असते आणि पाणी टाकणारे माणूस बहुधा अनवाणी असते. अर्थिंग नसलेल्या घरात एवढ्या गोष्टी जुळून आल्या की शॉक बसतो. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि वीज कंपनी दर वर्षी सावधगिरीचे आवाहन करते. म्हाताऱ्या माणसाला तर पाणी टाकणे हेच अवघड. बादली उचलून खिडकीपर्यंत न्यायची, सांडलेल्या पाण्यावर पाय ठेवायचा आणि प्लग काढायला विसरायचे. गच्चीवरच्या टाकीतून पाइप आणून कूलरमध्ये तरंगता व्हॉल्व्ह बसवला की बादली सुटते. वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच मुख्य बोर्डात लावला की जिवावरचे टळते. वीज केंद्रात हयात घालवलेले इलेक्ट्रिशियन ज्या गावात गल्लोगल्ली आहेत, तिथे होळीनंतरच्या एका रविवारी एकट्या वृद्धांचे कूलर उतरवून, ताट्या बदलून, अर्थिंग तपासून देणे ही कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा उपयोगाची गोष्ट ठरेल. त्याला ना निधी लागतो ना ठराव.

आरोग्याच्या बाबतीत यंत्रणा कागदावर चांगली रचलेली आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची ओपीडी, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरभेटी अभिप्रेत आहेत. आरोग्य उपकेंद्रांचे रूपांतर ‘आरोग्य व कल्याण केंद्रां’त करण्याचे २०१८ मध्ये ठरले, तेव्हा त्यांच्या बारा सेवांत वृद्धसेवा आणि वेदनाशामक सेवाही घातल्या. या साखळीची खरी कडी म्हणजे आशाताई. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी ती जो तपासणी अर्ज भरते, त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, हालचालीला अडथळा येईल असे काही अपंगत्व आहे का, जेवण-आंघोळ-संडासासाठी दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होते का. हे चार प्रश्न नीट विचारले तर कोणत्या घरात दांडा हवा, कुणाला घरभेट हवी आणि कुणाला एकटे सोडता कामा नये, याची यादी आपोआप तयार होते. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. भारतात साठीपुढच्यांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला आहे, आणि घरोघर त्याला ‘वयामुळे होतेच’ म्हणून सोडून दिले जाते. पण अर्ज भरला जातो तो रक्तदाब आणि मधुमेहाच्या आकड्यांसाठी. हे चार प्रश्न त्या घाईत चटकन उरकले जातात आणि उत्तरे तालुक्याच्या आकडेवारीत विरतात. गल्लीतल्या कुणालाही त्यांचा उपयोग होत नाही.

ही माहिती गल्लीच्या हाती दिली तर काय होते, हे केरळने दाखवून दिले. कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक सेवेची संस्था काढली. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आले की रोग्याला डॉक्टर महिन्यातून एकदा लागतो, पण माणूस रोज लागतो. त्यातून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मलप्पुरम जिल्ह्यात शेजारसेवेचे जाळे उभे राहिले. आठवड्याला किमान दोन तास देण्याची तयारी असलेल्या गावकऱ्याला सोळा तासांचे शिक्षण दिले जाई. तो आपल्या भागातल्या दीर्घ आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे नेमाने जाई, घरात किराणा आहे का ते पाही, जखमेची माहिती परिचारिकेला कळवी. पैसा चहाच्या टपऱ्यांवरच्या, दुकानांतल्या डब्यांत पडणाऱ्या नाण्यांतून येई. २००८ मध्ये केरळ सरकारने या सेवेचे स्वतंत्र धोरण आखले आणि ती पंचायतींशी जोडली. याचे श्रेय केरळच्या साक्षरतेला देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ते अर्धेच खरे. तिथे प्रत्येक स्वयंसेवकाकडे मोजकी, ठरलेली घरे होती. ‘सगळ्यांनी सगळ्यांकडे लक्ष द्यावे’ असे कुणी म्हटले नाही. ‘या घराकडे तू बघ’ असे सांगितले, म्हणून काम चालले.

महाराष्ट्रात अशी नेमून दिलेली जबाबदारी कायद्यानेही सांगितलेली आहे, फक्त ती कुणाला ठाऊक नसते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा; राज्यात तो १ मार्च २००९ पासून लागू झाला आणि २०१० मध्ये नियम झाले. या नियमांत पोलिसांवर स्पष्ट काम सोपवलेले आहे: ठाण्याच्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची यादी अद्ययावत ठेवायची आणि पोलिसाने सामाजिक कार्यकर्त्याला किंवा स्वयंसेवकाला सोबत घेऊन महिन्यातून निदान एकदा त्यांची भेट घ्यायची. कोराडीचे पोलीस ठाणे कामठी तालुक्यातल्या गावात असूनही नागपूर शहर आयुक्तालयाच्या हद्दीत येते, म्हणजे शहरी पोलीस यंत्रणेचे बळ इथे उपलब्ध आहे. पण नवरात्रात देवीच्या गर्दीचा बंदोबस्त आणि एरवी महामार्गाची वाहतूक सांभाळणाऱ्या ठाण्याला प्रत्येक म्हाताऱ्याच्या दारी चहा घ्यायला फुरसत कुठून मिळणार? म्हणूनच नियमातला ‘स्वयंसेवक’ हा शब्द कामाचा आहे. यादी ठाण्याची आणि भेट शेजाऱ्याची, असा सांधा जुळला तर नियम कागदावरून उतरतो.

असे स्वयंसेवक कुठून आणायचे, याचे उत्तर महाराष्ट्रात नवे शोधावे लागत नाही. ज्येष्ठ नागरिक संघांची चळवळ इथे जुनी आहे. संघांचा महासंघ फेस्कॉम १९८० मध्ये स्थापन झाला, त्याचा पूर्व विदर्भासाठी प्रादेशिक विभाग आहे आणि गावोगावचे संघ त्याला जोडलेले आहेत. विरंगुळा केंद्र, वाढदिवस, सहली, आरोग्य शिबिर, १ ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन हा संघांचा नेहमीचा कार्यक्रम. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. दिवसातून दोन तास कुणाशी तरी बोलायला मिळणे हे औषधाइतकेच आवश्यक असते. दोष वेगळाच आहे. जो सभासद गुडघ्यांमुळे येईनासा होतो, तो हळूहळू यादीतून पुसला जातो, आणि संघाची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. शिवाय संघांत निवृत्त पुरुषांचा भरणा असतो. बायका असतात भजनी मंडळात, हरिपाठात आणि विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांच्या सामुदायिक प्रार्थनेत. या मंडळांना समाजकार्याची संस्था कुणी म्हणत नाही, पण हजेरीचा अलार्म त्यांच्याइतका पक्का कुणाचाच नाही. मंगळवारच्या भजनाला नेमाने येणारी आजी दोन मंगळवार दिसली नाही की तिसऱ्या दिवशी कुणी तरी तिच्या अंगणात उभी असते.

हाच अलार्म घराच्या दारातही असतो. सकाळी सडा पडला नाही, दुधाची पिशवी फाटकाला तशीच लटकलेली आहे, पेपर ओट्यावर दुपारपर्यंत पडून आहे, ही सगळी चिन्हे कोणत्याही मनगटी यंत्राआधी बोलतात. प्रश्न ती वाचणाऱ्याने पुढे काय करायचे हा आहे. पेपरवाल्याला, दूधवाल्याला कोणता नंबर फिरवायचा ते ठाऊक हवे. घराची एक किल्ली शेजारच्या ठरलेल्या घरी हवी. आणि आतल्या भिंतीवर चालू औषधे, रक्तगट, डॉक्टर आणि मुलांचे नंबर ठळक अक्षरांत लिहिलेला कागद हवा. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते, पण ती आल्यावर ‘कोणती गोळी चालू आहे’ या प्रश्नाला उत्तर देणारे कुणी नसेल तर कामठीच्या उपजिल्हा रुग्णालयापासून नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल रुग्णालयापर्यंत प्रत्येक ठिकाणी बराच वेळ वाया जातो. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. तिचा उपयोग सल्ला, तक्रार आणि तंट्यासाठी. न्हाणीत पडलेल्याला उचलायला ती येणार नाही.

घरपोच सेवांच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत सरकारी यंत्रणा बरीच सुधारली आहे. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेच्या पायऱ्या चढणे आता सक्तीचे नाही. २०१४ पासून डिजिटल दाखला चालतो आणि पोस्टमन थोड्या शुल्कात तो घरी येऊन काढून देतो. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच बँकसेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बजावले. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या मतदारांच्या घरी पथक गेले, मतपत्रिका दिली, गुप्तता राखून मत घेतले, सोबत चित्रीकरणही केले. एका मतासाठी चार कर्मचारी गाडी घेऊन म्हाताऱ्याच्या पलंगापाशी पोहोचू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. महिन्याच्या गोळ्या पोहोचवायला एकच पुरेसा आहे.

एकट्या म्हाताऱ्याला चोरापेक्षा आता फोनचे भय जास्त. ‘मागचे बिल न भरल्याने आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल’ असा संदेश आणि खाली एक नंबर. फोन केला की ॲप उतरवून घ्यायला सांगतात आणि खाते रिकामे होते. राज्याला वीज पुरवणाऱ्या गावातही हा फसवा संदेश घबराट उडवू शकतो, कारण अंधाराची भीती शिक्षण विचारत नाही. ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचे भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळणे, हा त्याचाच मोठा भाऊ. सायबर तक्रारीचा नंबर १९३० आहे आणि तो पहिल्या तासात फिरवला तर पैसे गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. पण खरा बचाव फोन ठेवून समोरच्या घरी विचारायला जाण्यात आहे. फसवणारा पहिली अट घालतो ती हीच, की कुणाला सांगू नका.

घरातून होणारी फसवणूक अधिक नाजूक असते. घर मुलाच्या नावे करून दिल्यावर आई-वडील मागच्या खोलीत जातात, ही तक्रार नवी नाही. २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. हे न्यायाधिकरण म्हणजे उपविभागीय अधिकारी. निर्वाहभत्त्याचा अर्जही त्यांच्याकडेच होतो आणि त्याची मर्यादा आजही महिना १०,००० रुपये आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उर्मिला दीक्षित खटल्यात बक्षीसपत्र रद्द करून आईला ताबा परत देवविला आणि कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले. तरी बक्षीसपत्रात अट स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे, आणि त्याहून शहाणपणाचे म्हणजे बक्षीसपत्राऐवजी मृत्युपत्र करणे. लातूर जिल्हा परिषदेने २०२०-२१ मध्ये वेगळी वाट धरली: आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पगारातून ३० टक्के कापून ते पालकांच्या खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला आणि काहींवर अंमलही केला. शेजाऱ्याचे काम मात्र इथे अवघड होते. घरात मारहाण किंवा उपासमार होते आहे हे कळत असूनही ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून लोक गप्प बसतात. ठरलेल्या भेटीचा इथेही फायदा होतो. दर महिन्याला येणाऱ्या माणसाला दारात अडवणे कठीण जाते.

परदेशांतले अनुभव दोन कारणांसाठी पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत बोस्टनच्या बीकन हिल भागातल्या रहिवाशांनी २००२ मध्ये वार्षिक वर्गणीवर चालणारी संस्था सुरू केली. ती इमारत बांधत नाही. प्लंबर, ड्रायव्हर, सोबत, नर्स यांची खात्रीशीर व्यवस्था सभासदांना करून देते. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या लेआऊटला हे सहज जमण्याजोगे आहे. जपानमध्ये शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे: सरकार प्रत्येक वस्तीत बिनपगारी कल्याण-स्वयंसेवक तीन वर्षांसाठी नेमते. तो मदत स्वतः कमी करतो, योग्य कार्यालयापर्यंत बातमी पोहोचवतो. ठेकेदारी मजुरांच्या वस्तीला असाच माणूस लागतो, कारण तिथे वर्गणी परवडणार नाही आणि दाखले काढून देणारा कुणी तरी हवा आहे.

कोराडीसारख्या ठिकाणी जमवाजमव करायची ती नव्या संस्थेची नाही. आशाताईचा अर्ज, पोलिसांची यादी, पोस्टमनची फेरी, संघाची आणि भजनी मंडळाची हजेरी हे सगळे आधीच आहे, पण प्रत्येकाची वही वेगळी. महिन्यातून एकदा ही माणसे एका टेबलाशी बसली, ग्रामपंचायतीत किंवा देवळाच्या सभामंडपात, आणि कोणते घर कुणाकडे हे ठरले, तर निम्मे काम होते. त्यात एक पथ्य पाळावे लागते. एकट्या वृद्धांच्या घरांची यादी ही चोराच्या दृष्टीने सोन्याची यादी असते. ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायची नसते, आणि म्हाताऱ्या माणसाची संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव तिच्यात घालायचे नसते. ‘मला कुणाची गरज नाही’ म्हणणाऱ्यालाही तसे म्हणण्याचा अधिकार आहे. त्याच्याशी संबंध ठेवायचा तो त्याच्याकडे काही मागून. जुन्या फोरमनकडे गल्लीतल्या पोरांना वायरिंग शिकवायचे काम दिले, तर तो रोज दार उघडतो.

पगारी मदतीचा भाग याला जोडून येतो. दिवसभराची मावशी ब्युरोतून येते, तेव्हा तिच्या ओळखीची पोलिसांत नोंद करणे, तिचे काम आणि सुट्टी लिहून ठरवणे आणि पैशाचे व्यवहार तिच्या हाती न देणे एवढे पाळले तर बहुतेक तंटे टळतात. बचतगटाच्या बायकांना सेवा-शुश्रूषेचे शिक्षण देऊन हे काम गावातच ठेवता येईल. जेवणाचा डबा तर बचतगट आजही देऊ शकतात. मात्र सर्वांत दुर्लक्षित माणूस पगारी नसतो. सत्तरीतली बायको ऐंशीतल्या नवऱ्याला उचलते, धुते, भरवते, रात्री चारदा उठते. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून कुणी त्याच्यापाशी बसणे, ही साध्या शेजाऱ्याला जमणारी सर्वांत मोलाची मदत.

घरी राहण्याला मर्यादा आहेतच. गॅस चालू ठेवून निघून जाणारा, रस्ता चुकणारा, किंवा दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते असा रुग्ण महिन्याच्या भेटींवर आणि शेजारच्या किल्लीवर राहू शकत नाही. तिथे चोवीस तासांची माणसे लागतात किंवा चांगली संस्था लागते, आणि तो निर्णय घेणाऱ्या मुलाला गावाने नावे ठेवणे अन्यायाचे आहे. सरकारी विम्याचा आधार याही टप्प्यावर अर्धाच पोहोचतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. खुब्याची शस्त्रक्रिया त्यात बसते. शस्त्रक्रियेनंतर घरी लागणारी मावशी, डायपर, हवेची गादी आणि न्हाणीतला दांडा यांचा खर्च घरानेच करायचा असतो, आणि १,५०० रुपयांच्या अनुदानावर जगणाऱ्या घरात तो अजून गल्लीच्या वर्गणीतूनच भागतो.